हिज, हर की देअर? आधी सर्वनामाचा धनी शोधा

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक आहेत आणि नोकरी सांभाळून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांची अडचण थोडक्यात अशी. ‘एव्हरी कँडिडेट मस्ट ब्रिंग ... ॲडमिट कार्ड’ या एकाच रिकाम्या जागेला त्यांना तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली. एका पुस्तकात ‘हिज’, दुसऱ्यात ‘हिज ऑर हर’, आणि मोबाइलवरच्या सराव परीक्षेत ‘देअर’. त्यात आणखी एक झालं. त्यांनी मसुदा केलेल्या पत्रात ‘द सोसायटी हॅज रिव्हाइज्ड देअर रेट्स’ असं होतं, ते साहेबांनी खोडून ‘इट्स’ केलं. ताई विचारतात, ‘नियम एक आहे की नाही? आणि जिथे आम्ही चाळीस माणसं राबतो त्या संस्थेला वस्तूसारखं ‘इट’ कसं म्हणायचं?’

साहेबांची दुरुस्ती बरोबर आहे. रिकाम्या जागेची तिन्ही उत्तरं इंग्रजी म्हणून चालण्यासारखी आहेत, पण तुम्ही ते वाक्य कुठे लिहिताय यावर त्यातलं एक निवडावं लागतं. वस्तुनिष्ठ परीक्षेतला तपासनीस वेगळा आणि तुमचं पत्र वाचणारा सभासद वेगळा. हे आधी मान्य केलं की निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला निम्मा मात्र ‘हिज’ आणि ‘देअर’च्या भांडणातून येत नाही. तो आपल्या मराठी सवयींतून येतो, आणि त्याबद्दल पुस्तकं फारसं बोलत नाहीत. मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. आधी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं, आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो, आणि बरोबरीने संस्थांचे इंग्रजी अहवाल तपासून देतो. म्हणून खाली जे लिहितोय ते वह्या आणि अहवाल तपासताना जे दिसलं त्यावरून.

पुस्तकं ज्याला ‘अँटिसिडंट’ म्हणतात त्याला मी वर्गात ‘धनी’ म्हणतो. सर्वनाम वाक्यात स्वतःच्या जोरावर येत नाही, कुणाच्या तरी वतीने येतं. ज्याच्या वतीने आलं तो त्याचा धनी. मुलं रिकामी जागा बघतात, खालचे चार पर्याय बघतात आणि कानाला जे बरं वाटेल त्यावर खूण करतात. धनी कोण, हे बघतच नाहीत. जागेच्या अगदी शेजारी जे नाम असतं तेच धनी वाटतं, आणि परीक्षा काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. ‘ईच ऑफ द बॉइज हॅज डन ... होमवर्क’ यात ‘बॉइज’ मुद्दाम तिथे ठेवलेलं असतं. मी मुलांना सांगतो, ‘ऑफ’पासून त्या नामापर्यंतचा तुकडा बोटाने झाकून टाका. मग काय उरतं? ‘ईच ... हॅज डन’. धनी ‘ईच’, म्हणजे एकेकटा. म्हणून ‘हिज’. ‘वन ऑफ द गर्ल्स हॅज लॉस्ट हर पास’ इथेही तेच. हरवला एकीचाच पास, मग बाकीच्या मुली कितीही असोत.

‘ईच’ची एक गंमत लक्षात ठेवा. तो नामाच्या आधी असला तर हुकूम त्याचा चालतो, नामाच्या मागे गेला की नामाचा. ‘द बॉइज ईच हॅव देअर ओन लॉकर’ हे वाक्य बरोबर आहे, कारण इथे धनी ‘बॉइज’ आहेत आणि ‘ईच’ नुसता पुस्ती जोडतोय. वर्गात निम्मी मुलं इथे ‘हॅज’ करून येतात, कारण त्यांनी ‘ईच आला की एकवचन’ एवढंच पाठ केलेलं असतं.

आता तुमच्या रिकाम्या जागेकडे. ‘एव्हरी कँडिडेट’ एकवचनी आहे यात वाद नाही. वाद आहे तो उमेदवार मुलगा की मुलगी हे माहीत नसताना काय लिहायचं याचा. एकट्या, पण कोण ते ठाऊक नसलेल्या माणसासाठी ‘दे’ वापरणं हे आजकालचं खूळ नाही. चौदाव्या शतकापासून ते इंग्रजी लिखाणात सापडतं. पुढे अठराव्या शतकात व्याकरणकारांनी भाषेला शिस्त लावायला घेतली, आणि अशा ठिकाणी पुल्लिंगी ‘ही’ने दोघांचं काम भागवावं हा दंडक रुजला. 1850 साली ब्रिटिश संसदेने कायद्यांपुरतं तेच लिहून टाकलं, की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. आपल्याकडेही तीच परंपरा आली. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं आठवं कलम म्हणत होतं, की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कोणत्याही व्यक्तीसाठी आहे. कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणाऱ्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमातही पुल्लिंगात स्त्रीलिंग धरलेलं आहे. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ‘ही’ तसाच ठेवला, मात्र त्यात पुरुष आणि स्त्रीबरोबर तृतीयपंथी व्यक्तीही स्पष्टपणे घेतली. म्हणून कायद्यात ‘ही शॅल बी पनिश्ड’ वाचलं तर त्यात तुम्हीही आहात.

तिकडे इंग्रजी लिहिणाऱ्यांचा कल बदलत गेला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या लेखनपुस्तिकेने 2017 मध्ये मर्यादित प्रमाणात एकवचनी ‘दे’ मान्य केला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीने तो वापरावा असंच सांगितलं, आणि त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर कोशाने ‘दे’ हा वर्षाचा शब्द ठरवला. काही माणसं स्वतःसाठी ‘ही’ किंवा ‘शी’ ऐवजी ‘दे’ निवडतात. तिथे व्यक्ती एक आणि ओळखीची असली तरी तिने सांगितलेलं सर्वनामच लिहावं, आणि क्रियापद ‘आर’च ठेवावं.

‘एकट्याला आर कसं?’ असं मुलं विचारतात. मी म्हणतो, ‘यू आर’ कसं चालतं? ‘यू’ हे मुळात अनेकांसाठीच होतं. एकट्याला ‘दाऊ’ म्हणत. मग मान म्हणून एकट्यालाही ‘यू’ म्हणू लागले, आणि हळूहळू ‘दाऊ’ मागे पडला. मराठी माणसाला हे समजायला दोन मिनिटंही लागू नयेत. आपण एकट्या सरांना ‘तुम्ही आलात’ म्हणतोच की.

‘एव्हरीवन आला की एकवचन’ हा नियम यंत्रासारखा चालवला तर कसं फसतं याचं एक वाक्य मी फळ्यावर नेहमी लिहितो: ‘एव्हरीवन स्टुड अप व्हेन द चीफ गेस्ट केम, अँड ही क्लॅप्ड.’ वाचा आणि सांगा, टाळ्या कुणी वाजवल्या? प्रमुख पाहुण्यांनी! सगळ्या सभागृहाने वाजवल्या असं सांगायचं असेल तर ‘दे क्लॅप्ड’ला पर्याय नाही. क्रियापदापुरतं ‘एव्हरीवन’ एकवचनी राहील, पण पुढच्या वाक्यात गेल्यावर वाचकाच्या मनात माणसांचा घोळका उभा असतो, आणि सर्वनाम त्या घोळक्याला धरून चालतं.

मग परीक्षेत काय करायचं? माझा अनुभव असा. आपल्याकडच्या वस्तुनिष्ठ परीक्षांचे प्रश्नसंच जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांवर पोसलेले आहेत. ‘ईच’, ‘एव्हरी’, ‘एनीवन’, ‘नोबडी’ यांच्यापुढे पर्यायांत ‘हिज’ आणि ‘देअर’ दोन्ही असतील तर बहुतेक उत्तरतालिका ‘हिज’च्या बाजूने असते. ‘हिज ऑर हर’ आणि ‘देअर’ असे दोनच असतील तर ‘हिज ऑर हर’. वाक्यात मुली, नर्स, आई असा उल्लेख असेल तर ‘हर’. आणि चुकीचा भाग ओळखायच्या प्रश्नात ‘एव्हरी’नंतर ‘देअर’ दिसला तर आधी बाकीचे भाग तपासा. तिथे दुसरी उघड चूक असेल तर ती धरा, नसेल तर ‘देअर’वर बोट ठेवा. वर्णनात्मक पेपरात मात्र तपासणारा माणूस असतो. तिथे मी मुलांना एकच सांगतो, वाक्य अनेकवचनात फिरवा. ‘ऑल कँडिडेट्स मस्ट ब्रिंग देअर ॲडमिट कार्ड्स.’ जुना मास्तरही खूश, नवा संपादकही खूश, आणि ‘हिज ऑर हर’ची रांग लावून वाक्य अडखळतही नाही.

परीक्षेचं इतकंच. आता ज्या भागासाठी मी मुळात हे उत्तर लिहायला बसलो तिकडे येतो, कारण ‘देअर रेट्स’ची तुमची चूक तिथून आलेली आहे.

बरीच वर्षं झाली. अकरावीच्या एका मुलाने आजोबांवर निबंध लिहिला होता. ‘माय ग्रँडफादर इज अ फार्मर. दे वेक अप ॲट फाइव्ह. दे मिल्क द काऊज.’ मी लाल पेनाने प्रत्येक ‘दे’चा ‘ही’ केला. तास संपल्यावर मुलगा वही घेऊन आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, ‘सर, आजोबांना ही म्हणायचं? बरं नाही वाटत.’ मी त्याला समोर बसवलं. त्याने चूक केली नव्हती, भाषांतर केलं होतं. ‘आजोबा उठतात. ते गाईचं दूध काढतात.’ मराठीत मान अनेकवचनात असतो, आणि त्याने तो मान उचलून जसाच्या तसा इंग्रजीत नेला होता. मग मी त्याला आईबद्दल लिहायला लावलं. त्याने सरळ लिहिलं, ‘माय मदर कुक्स. शी गोज टू द फार्म.’ एकही चूक नाही! कारण मराठीत आई येते, ती रांधते. आईला आपण एकवचनातच बोलावतो, विठोबालाही ‘तू’च म्हणतो. त्या दिवसापासून मी वह्या तपासताना हे बघू लागलो, आणि ते आजवर खरं ठरत आलंय. बाबा, आजोबा, सर, साहेब यांच्या बाबतीत ‘दे’ येतो, मॅडमच्या बाबतीतही येतो, कारण मॅडम ‘आल्या’. आईच्या, बहिणीच्या, मित्राच्या बाबतीत येत नाही. म्हणजे मुलाला एकवचन कळत नाही असं नसतंच. त्याला मान सोडवत नाही.

म्हणून अशा मुलाला ‘एवढं साधं कळत नाही?’ म्हणू नका. त्याला सांगा की इंग्रजीत मान सर्वनामात राहत नाही, तो ‘मिस्टर’मध्ये, ‘सर’मध्ये, विनंतीच्या क्रियापदांत आणि वाक्याच्या सुरात राहतो. ‘ही’ म्हटल्याने आजोबा लहान होत नाहीत. आणि इथेच ‘दे’चं कोडं पूर्ण सुटतं. एकट्या माणसासाठी अनेकवचनी सर्वनाम इंग्रजीतही आहे, मराठीतही आहे. पण इंग्रजी ते बहुतेक वेळा माणूस ठाऊक नसतो म्हणून वापरते, आणि मराठी तो फार आदराचा असतो म्हणून. ‘समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला’ हे चालतं, कारण छत्री कुणाची ते कळलेलं नाही. साहेबांची छत्री राहिली असेल आणि साहेब समोर दिसत असतील तर ‘हिज’.

दुसरी सवय लिंगाची. आपल्याकडे खुर्ची ती, दरवाजा तो, टेबल ते. इंग्रजीत निर्जीव ते सगळं ‘इट’. ही चूक मुलं लवकर सोडतात, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. जहाजाला ‘शी’ म्हणायची रीत होती, पण जहाज व्यवसायाचं जुनं वृत्तपत्र ‘लॉइड्स लिस्ट’नेसुद्धा 2002 पासून ‘इट’ लिहायला सुरुवात केली. गोव्याच्या कोकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात, नपुंसकलिंगी. तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्याने ‘शी’कडे दोन दिवस जास्त द्यावेत.

लिंगाचीच एक चूक मात्र हट्टी आहे. ‘राहुल लव्हज हर मदर.’ राहुल मुलगा, आई त्याची, मग ‘हर’ कुठून आला? ‘त्याची आई’ हे दोन शब्द नीट बघा. ‘त्या’ हा तुकडा धन्याचा आहे, राहुलचा. ‘ची’ हा तुकडा आईचा आहे. मराठी एकाच शब्दात पुढच्या टोकाला धनी आणि मागच्या टोकाला वस्तू बांधते. घाईत लिहिताना मुलाच्या कानात शेवटचा ‘ची’ घुमतो, पुढे आईही दिसते, आणि हात ‘हर’ लिहून जातो. इंग्रजीत मागचं टोकच नाही. ‘हिज मदर’, ‘हिज फादर’, ‘हिज शूज’, पुढे काहीही येऊ दे. मुलांना मी ‘त्या’खाली रेघ मारायला लावतो आणि ‘ची’ पुसायला लावतो. आठवड्याभरात फरक पडतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि नोकरीत तुम्हाला हीच जास्त लागेल. मराठीत ‘आपला’ नावाचं एक फार मोलाचं सर्वनाम आहे, इंग्रजीत नाही. ‘मॅनेजर कॅशियरला आपल्या केबिनमध्ये भेटला’ म्हटलं की केबिन मॅनेजरची. ‘त्याच्या केबिनमध्ये भेटला’ म्हटलं की कॅशियरची. इंग्रजीत दोन्हीला एकच वाक्य: ‘द मॅनेजर मेट द कॅशिअर इन हिज केबिन.’ धनी कोण ते वाक्य सांगतच नाही. वचन बरोबर, लिंग बरोबर, व्याकरणाच्या पेपरात पैकीच्या पैकी, आणि तरीही वाक्य निकामी.

एका संस्थेच्या चौकशी अहवालात मी याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला. मूळ मराठी जबाब होता, ‘कॅशियरने लिपिकाला सांगितलं, की आपण चुकीच्या व्हाउचरवर सही केली.’ कॅशियर स्वतःची चूक कबूल करत होता. इंग्रजीत ते झालं, ‘द कॅशिअर टोल्ड द क्लार्क दॅट ही हॅड साइन्ड द राँग व्हाउचर.’ वरच्या कार्यालयाने फक्त इंग्रजी वाचलं आणि कारणे दाखवा नोटीस गेली लिपिकाला. तो बिचारा तीन आठवडे हेलपाटे घालत होता. अहवाल माझ्याकडे आला तो दुसऱ्या फेरीला. मी एवढंच केलं, ‘ही’ काढून त्या जागी पुन्हा ‘द कॅशिअर’ लिहिलं. एकच नाम दोनदा आलं तर वाक्य बेढब होतं असं शाळेत शिकवतात. अहवालात ते बेढब वाक्यच लिहा. दोन पुरुष किंवा दोन बायका एकाच वाक्यात आल्या की सर्वनामावर विसंबू नका, पद किंवा नाव पुन्हा घाला.

इथवर काय झालं ते दोन ओळींत सांगून पुढे जातो. धनी कोण ते आधी ठरवायचं, मग तो एक की अनेक ते बघायचं. आणि तो कोण हे वाचकाला एका झटक्यात कळत नसेल तर सर्वनाम काढून नाम लिहायचं.

आता तुमची संस्था. ‘द सोसायटी हॅज रिव्हाइज्ड देअर रेट्स’ यात तुम्ही ‘हॅज’ लिहिलंत तेव्हाच संस्थेला एक मानलंत. दोन शब्द पुढे गेल्यावर तिला अनेक मानता येत नाही. ही चूक आपल्याकडच्या पत्रांत सर्रास दिसते, कारण मराठीत आपण सहज म्हणतो, ‘बँकेने त्यांचे दर बदलले.’ तिथेही तोच मान आहे, आणि ‘त्यांचे’ म्हणताना मनात माणसं असतात. तुमच्या मनात ती चाळीस माणसं होती, ही भावना मला खरोखर चांगली वाटली. पण दर बदलले ते चाळीस जणांनी आपापले नव्हे, संस्था म्हणून एकत्र. ‘इट’ने ती वस्तू ठरत नाही, एक ठरते. माणसांबद्दलच बोलायचं असेल तर माणसांना वाक्यात आणा: ‘द स्टाफ मेंबर्स हॅव गिव्हन देअर कन्सेंट.’

समूहवाचक नामांचा हिशेब असाच आहे. समिती एकमताने काही करते तेव्हा ‘द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट’. सदस्यांची तोंडं चार दिशांना असतील तेव्हा ‘द कमिटी आर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. हे दुसरं वाक्य ब्रिटिश वळणाचं आहे. आपल्या परीक्षांत ते विचारतात, पण अमेरिकन लेखक अशा ठिकाणीही सहसा एकवचनच ठेवतात किंवा ‘द मेंबर्स ऑफ द कमिटी’ असं लिहून मोकळे होतात. दोन्हींतलं कोणतंही घ्या, फक्त क्रियापद आणि सर्वनाम एकाच बाजूला ठेवा. ‘पोलीस’ला मात्र निवड नाही, इंग्रजीत तो कायम अनेकवचनी. आणि ‘इट्स’ लिहिताना ‘टी’नंतर वर तो छोटा स्वल्पविराम देऊ नका. तो दिला की अर्थ ‘इट इज’ होतो.

जोडलेल्या नामांचं भराभर सांगतो. ‘अँड’ने जोडले की अनेक, पण आर्टिकल, म्हणजे ‘द’ किती वेळा आलाय ते, मोजा. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज गिव्हन हिज रेझिग्नेशन’, एकच माणूस दोन पदांवर. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर हॅव गिव्हन देअर रेझिग्नेशन्स’, दोन माणसं. ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’ आले तर धनी पहिलाच. ‘ऑर’ आणि ‘नॉर’ला जवळचं नाम धनी, म्हणून अनेकवचनी नाम शेवटी ठेवा: ‘नायदर द चेअरमन नॉर द डायरेक्टर्स हॅव गिव्हन देअर कन्सेंट.’ उलट केलंत तर ‘हिज’ येईल आणि संमती एकट्या अध्यक्षांचीच राहिली असं वाटेल. एक पुरुष आणि एक बाई ‘ऑर’ने जोडली असतील तर सर्वनाम टाळून वाक्य फिरवा, तिथे कुठलंही उत्तर गोड लागत नाही.

‘हू’वर थोडं थांबतो, कारण हुशार मुलंही इथे घसरतात. ‘ही इज वन ऑफ दोज ऑफिसर्स हू ... वर्क ऑन टाइम.’ ‘डज हिज’ की ‘डू देअर’? मघाची बोटाने झाकायची युक्ती इथे लावलीत तर ‘डज हिज’ येईल, आणि चुकेल. ‘ईच ऑफ द बॉइज’मध्ये क्रियापद ‘ईच’चं होतं, इथे रिकामी जागा ‘हू’ची आहे, म्हणून ‘हू’चा धनी शोधायला हवा. इथे मराठीच कामाला येते. वाक्य जे-ते मध्ये मांडा: ‘जे अधिकारी आपलं काम वेळेवर करतात, त्यांतला तो एक.’ ‘जे’ आला, म्हणजे धनी अनेक. म्हणून ‘हू डू देअर वर्क’. आता दुसरं वाक्य घ्या: ‘ही इज द ओन्ली वन ऑफ दोज ऑफिसर्स हू ... वर्क ऑन टाइम.’ मराठीत, ‘त्या अधिकाऱ्यांत जो आपलं काम वेळेवर करतो, असा तो एकटाच.’ ‘जो’ आला, म्हणून ‘हू डज हिज वर्क’. ‘द ओन्ली’ या दोन शब्दांनी धनी बदलला. मराठी सोडली की इंग्रजी येईल असं मुलांना सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. जो-जे हा फरक आपल्या भाषेने आपल्याला आयता दिलाय, तो वापरा.

शेवटी, तुम्ही प्रश्नाच्या तळाशी संस्थेच्या फलकावर लावायच्या नोटिशीचा कच्चा मसुदा दिला आहे: ‘एव्हरी मेंबर शुड अपडेट हिज केवायसी. इफ दे डू नॉट, सोसायटी मे फ्रीझ देअर अकाउंट अँड इट विल बी रिस्पॉन्सिबल.’ पहिल्या वाक्यात ‘हिज’, दुसऱ्यात ‘दे’, म्हणजे एकाच सभासदाला दोन सर्वनामं. आणि शेवटच्या ‘इट’चा धनी व्याकरणाने पाहिलं तर तुमची संस्था होते. जबाबदार कोण, हे सांगणाऱ्या वाक्यात हा घोटाळा परवडणार नाही. मी असं लिहीन: ‘ऑल मेंबर्स शुड अपडेट देअर केवायसी. इफ मेंबर्स डू नॉट अपडेट इट, द सोसायटी मे फ्रीझ देअर अकाउंट्स. द सोसायटी विल नॉट बी रिस्पॉन्सिबल फॉर एनी लॉस दॅट फॉलोज.’ यातल्या दुसऱ्या वाक्यात ‘मेंबर्स’ पुन्हा मुद्दाम घेतलंय आणि ‘इट’ म्हणजे केवायसीच, दुसरं काही होऊ शकत नाही. तिसरं वाक्य तुम्हाला अभिप्रेत होतं असं धरून मी घातलं आहे. जबाबदारी सभासदाची की संस्थेची, हे साहेबांना विचारून घ्या आणि मगच नोटीस लावा.